नाव घातलेलं फुलपात्र

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कला संग्रहालयात ते भांडं पाहिलं, तेव्हा आईला जाऊन पाच महिने झाले होते. मी लेकीकडे न्यू जर्सीला आले होते. दिवसभर खिडकीशी बसून राहते म्हणून एका शनिवारी तिने मला बाहेर काढलं. संग्रहालयात मी तशी उगाचच तिच्या मागून फिरत होते. त्या काचेपाशी मात्र थांबले आणि मग बराच वेळ हलले नाही.

वीतभर उंचीचं, सरळ उभ्या भिंतीचं, नळकांड्यासारखं भांडं. साईच्या रंगावर काळपट तपकिरी रेषा. इतक्या बारीक आणि इतक्या न थरथरता काढलेल्या, की रांगोळीच्या ठिपक्यांशी आयुष्य घालवलेल्या माझ्या हातालाही हेवा वाटला. सिंहासनावर एक म्हातारा देव बसला आहे, त्याच्याभोवती पाच बायका. डावीकडे मुखवटे घातलेले दोघं जण एका बांधलेल्या माणसाचं मुंडकं उडवत आहेत. त्या बायकांतली एक पुढच्या बाईच्या टाचेला हात लावून 'अगं, तिकडे बघ' असं सांगते आहे. खाली एक ससा पोथी घेऊन जे चाललंय ते लिहून ठेवतो आहे. आणि उजवीकडे एक बाई उभी राहून भांड्यातून धार सोडते आहे. तिच्या हातातलं भांडंही असंच, सरळ भिंतीचं. चॉकलेटला फेस यावा म्हणून मध्य अमेरिकेतले प्राचीन माया लोक ते उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे. ही बाई तेच करते आहे.

भांडं ग्वातेमालाच्या पेतेन भागातलं, नाकबे परिसरातलं, इ.स. ६७० ते ७५० च्या दरम्यानचं. लेक फोनवर काहीतरी वाचत होती. म्हणाली, "आई, अशी भांडी सगळी थडग्यांतच सापडतात. अंत्यविधीची भांडी म्हणतात त्यांना."

मला ते पटेना. ज्या बाईने इतक्या सहज हाताने धार धरली आहे, तिचं चित्र ज्यावर आहे, त्या भांड्यातून कोणी कधी प्यायलंच नाही? मेलेल्या माणसाजवळ ठेवायलाच फक्त केलं? लेकीच्या घरी परत आल्यावर मी वाचायला लागले आणि वर्षभर वाचतच राहिले.

लेकीचं चुकलं नव्हतं. विद्वानही बराच काळ तसंच मानत होते. मायकेल को या अमेरिकन अभ्यासकाने १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रोलिअर क्लबमध्ये माया चित्रलिपीचं एक प्रदर्शन भरवलं. त्यासाठी भांडी गोळा करताना त्याच्या ध्यानात आलं, की बहुतेक भांड्यांच्या काठाखाली जी चिन्हांची ओळ असते, तिच्यात तीच ती चिन्हं त्याच क्रमाने येतात. एखादं गाळलेलं, एखादं जास्तीचं, पण क्रम मोडत नाही. भांडी थडग्यांतली, चित्रं पाताळातल्या देवांची. तेव्हा ही ओळ म्हणजे मृतासाठी म्हणायचा मंत्र असावा, पाताळाच्या वाटेवर त्याला सोबत करणारं स्तोत्र असावं, असा त्याने अंदाज बांधला. अंदाज सुंदर होता, आणि हातात जे होतं त्यावरून अगदी रास्तही. ती ओळ कोणाला वाचता मात्र येत नव्हती.

मग ती हळूहळू वाचता येऊ लागली. बेलीझमधल्या आल्तुन हा इथे सापडलेल्या एका कर्णभूषणावरचा मजकूर १९७९ मध्ये पीटर मॅथ्यूजने लावला, तो निघाला 'अमक्याचं कर्णभूषण'. १९८७ मध्ये स्टीफन ह्यूस्टन आणि कार्ल टाउबे यांनी दाखवलं, की ताटांवर 'उ लाक' असं येतं, म्हणजे 'त्याचं ताट'. उंच भांड्यांवर 'युकिब' येतं, म्हणजे 'त्याचं प्यायचं भांडं'. डेव्हिड स्टुअर्टने त्यापुढचं चिन्ह लावलं. त्यात माशाची आकृती होती. मासा 'का' या उच्चारासाठी वापरत. का, का आणि शेवटी व: काकाव. आपण ज्याला कोको म्हणतो ते.

म्हणजे ती स्तोत्राची ओळ साधारण अशी निघाली: यावर चित्र-अक्षरं काढून हे सिद्ध केलं, हे अमक्याचं काकाव प्यायचं भांडं. पुढे त्या अमक्याचं नाव, त्याचा हुद्दा. कधी चितारणाऱ्याचंही नाव.

इतकंच. त्यात मंत्र नव्हता, पाताळ नव्हतं. भांडं कोणाचं आणि कशासाठी, एवढंच होतं.

हे वाचलं त्या रात्री मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईचं फुलपात्र काढून दिव्याखाली धरलं. लेकीकडे येताना मी ते बॅगेत साडीच्या घडीत गुंडाळून आणलं होतं. पितळेचं, जाड काठाचं, आतून कल्हई केलेलं. काठाच्या खाली, अगदी माया भांड्यावर जिथे ओळ असते तिथेच, टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं आहेत. मशीन यायच्या आधी भांड्यावर नाव घालणारे छिन्नी-हातोडीने एकेक टिंब ठोकून अक्षर उठवायचे. मजकूर असा: कु. अमुक अमुक हिस मॅट्रिक पास झाल्याबद्दल काकांकडून, १९५६.

ते नाव आईचं माहेरचं. लग्नात तिचं पहिलं नावही बदललं, आडनाव तर बदलायचंच होतं. पुढच्या साठ वर्षांत त्या नावाने तिला हाक मारणारं एकेक माणूस गेलं. रेशनकार्डावर, पेन्शनच्या कागदांवर, दवाखान्याच्या फायलीवर, मृत्यूच्या दाखल्यावर सगळीकडे सासरचं नाव. मॅट्रिक झालेली ती सोळा वर्षांची मुलगी आता फक्त या फुलपात्रावर आहे.

आपल्याकडे हे घराघरात आहे, म्हणून मला ती माया ओळ परकी वाटली नाही. लग्नात आलेल्या पातेल्यावर मामांचं नाव, मुंजीतल्या ताम्हनावर आत्याचं, पंगतीत हरवू नये म्हणून डब्याच्या झाकणावर घराचं आडनाव. कोणी कोणास, कशानिमित्त, केव्हा. को साहेबांना ते स्तोत्र वाटलं याचं मला हसू येत नाही. आईच्या फुलपात्रावरची अक्षरं कोणा परक्याने, भाषा न कळता, शेकडो भांड्यांवर त्याच क्रमाने पाहिली असती, तर 'हिस' आणि 'बद्दल' हे त्यालाही देवांचे बीजमंत्र वाटले असते.

वाचलं ते बरोबर आहे याचा पुरावा एका मडक्याच्या पोटातून आला. पेतेनच्या ईशान्य टोकाला, मेक्सिको आणि बेलीझच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे, रियो अझुल नावाचं माया नगर आहे. रिचर्ड अ‍ॅडम्स यांच्या तुकडीला १९८४ मध्ये तिथे एक न फुटलेलं थडगं सापडलं. एकोणीस क्रमांकाचं, पाचव्या शतकातलं. आत एका पुरुषाचा सांगाडा आणि भोवती भांडी. त्यातलं एक वेगळंच होतं: वर कमानीसारखी कडी, आणि झाकण असं की आत सारून फिरवलं की बसतं, आपल्या फिरकीच्या तांब्यासारखं. बाहेरून चुन्याचा गिलावा आणि त्यावर रंगवलेली मोठाली चिन्हं. त्यात स्टुअर्टने 'काकाव' वाचलं. भांड्याच्या आत पेयाची वाळलेली खरड चिकटलेली होती. ती पेन्सिल्व्हेनियात हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवली. तपासणीत थिओब्रोमिन आणि कॅफिन दोन्ही मिळाली, आणि त्या मुलखात ही जोडी म्हणजे कोकोच. बाहेर लिहिलं होतं तेच आत होतं.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर ती खरड. दीड हजार वर्षं ती राहिली, कारण ते भांडं कोणी धुतलं नव्हतं.

पण मग ही भांडी थडग्यात कशी गेली? पेल्यात पेय घालून ती मृताजवळ ठेवत, हे तर रियो अझुलवरून दिसतंच. त्याआधी ती वापरातली होती का, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला बेलीझमधल्या एका भांड्याने दिलं. तिथल्या ब्वेनाव्हिस्ता देल कायो या ठिकाणी १९८८ मध्ये एका तरुणाच्या दफनात एक उंच पेला मिळाला. जॉन्सी पेला म्हणतात त्याला. पांढऱ्यावर केशरी-तांबड्या रंगात मक्याचा देव पाठीवर पिसांचा केवढा तरी पसारा घेऊन नाचतो आहे. काठाखाली नेहमीची ओळ, आणि शेवटी नाव येतं ते त्या तरुणाचं नाही. ते आहे जवळच्या नारांहो राज्याच्या राजाचं, काक तिलिव चान चाक याचं. हा राजा ६९३ साली गादीवर बसला तेव्हा पाच वर्षांचा होता. मोठा झाल्यावर कधीतरी त्याने आपल्या नावाचं भांडं मांडलिक घराण्याला दिलं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. मेजवानीत काकाव प्यायल्यावर भांडं पाहुण्याला देऊन टाकायची रीत होती. सोयरीक, सलोखा, मर्जी, सगळं अशा भांड्यांतून फिरायचं.

म्हणजे राजाचं नाव मिरवणारा तो पेला त्या घरात कोणी जपला असेल, सणावारी काढला असेल, 'राजाने दिलाय' असं आल्यागेल्याला सांगितलं असेल. मग घरातला तरुण मुलगा गेला. आणि घरातली सर्वांत मोलाची वस्तू त्यांनी त्याच्याबरोबर दिली. काय बोलले असतील ते देताना, याचा मी पुष्कळदा विचार करते.

मुद्दाम पुरण्यासाठीच केलेली भांडीही त्या प्रदेशात आहेत, हे सांगायला हवं. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात किचे मायांच्या मुलखात मिळणारे मोठे कुंभ त्यातले. भल्या थोरल्या पोटाचे, झाकणावर जग्वार किंवा देवाचा चेहरा बसवलेले. माणसाच्या अस्थी नाहीतर गुंडाळलेला देह त्यात ठेवत. तिथून दक्षिणेला निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरात ओमेतेपे बेट आहे, दोन ज्वालामुखी मिळून झालेलं. तिथे अमेरिकी नौदलातला डॉक्टर ब्रॅन्सफर्ड याने १८७० च्या दशकात खोदकाम केलं, तेव्हा बुटाच्या आकाराची दफनपात्रं निघाली. तोंड एका बाजूला, पाऊल पुढे आल्यासारखं पोट. तोंडावर वाडगा पालथा घातलेला. हा आकार पाहिला आणि मला इनामगाव आठवलं. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथले लोक गेलेल्या लहान मुलांना दोन कुंभांत ठेवत, दोन्ही कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून, आणि ते राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. स्मशानात नाही, घरात. ज्या जमिनीवर आई चूल पेटवणार, तिच्याच खाली. ओमेतेपे आणि इनामगाव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आपलं माणूस मातीत थेट ठेवायला हात धजत नाही, त्याच्याभोवती काहीतरी गोल, घट्ट, झाकलेलं हवं असतं, हे दोन्हीकडच्या लोकांना सारखंच वाटलं असणार.

आता त्या भोकाबद्दल लिहायचं आहे. ते मी टाळत आले होते.

माया ताटांच्या मधोमध पुष्कळदा एक भोक असतं. वापरताना पडलेलं नव्हे, मुद्दाम पाडलेलं. काही नीट कोरून, काही ठोसा मारून. सुंदर रंगवलेल्या ताटात, नाचणाऱ्या देवाच्या अगदी पोटाजवळ, ते आरपार जातं. काही दफनांत असं ताट मृताच्या डोक्यावर पालथं घातलेलं मिळालं आहे. अभ्यासक म्हणतात, त्या लोकांच्या लेखी वस्तूतही जीव होता. ताटाचा माणूस गेला, तेव्हा ताटाचाही जीव मोकळा करायचा. पहिल्यांदा हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

दादाने आईला पाणी दिलं तेव्हा मी स्मशानात होते. आईच्या पिढीत बायका जात नव्हत्या, मी गेले. डाव्या खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं घेऊन दादा चितेभोवती फिरला. पहिल्या फेरीला काकांच्या मुलाने अश्म्याने मडक्याला भोक पाडलं, पाण्याची बारीक धार लागली. दुसऱ्या फेरीला दुसरं, तिसऱ्याला तिसरं. दादाची पाठ, सदरा, सगळं भिजलं. मग त्याने मागे न बघता मडकं खांद्यावरून सोडून दिलं. मडकं फुटल्याचा तो आवाज. रडणं मला तोवर आवरता आलं होतं.

मला वाटत होतं, आपली आणि त्यांची रीत एकच. नंतर ध्यानात आलं, तसं नाही. आपलं ते मडकं त्याच सकाळी आणलेलं असतं, तिरडीच्या सामानाबरोबर, दोरी आणि बांबूंबरोबर. त्यातून कोणी पाणी प्यायलेलं नसतं. फुटायलाच केलेलं ते. मायांनी भोक पाडलं ते खरंखुरं रंगवलेलं, नाव घातलेलं ताट होतं, ज्याच्या तळाला काही वेळा वापराच्या खुणा दिसतात. आपण फोडतो ते कोणाचंच नसलेलं मडकं. त्यांनी फोडलं ते त्याचं ताट. माझ्या हातून आईच्या फुलपात्राला भोक पडलं नसतं. त्यांच्या हातून कसं पडलं असेल?

आणि मग ती दुसरी भोकं, जमिनीला पाडलेली. पेतेनमध्ये चोरून थडगी फोडणाऱ्यांना 'वेचेरो' म्हणतात. तिथल्या इत्झा भाषेत 'वेच' म्हणजे आर्माडिलो, बिळं उकरणारा प्राणी. रियो अझुलमध्येच १९८० च्या आसपास टोळ्यांनी तळ ठोकून एकेक देऊळ चिरलं. एका थडग्याच्या भिंतींवर लाल रंगात चिन्हं रंगवलेली आहेत, त्यात इ.स. ४१७ मधली एक जन्मतारीख आहे. भिंत नेता येत नाही म्हणून तारीख राहिली. आतली भांडी कुठल्या बैठकीच्या खोलीत, कुठल्या काचेत आहेत, आता कोण सांगणार. ग्वातेमालात अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या, १९७० मध्ये अशा चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला, अमेरिकेने १९९१ मध्ये पेतेनच्या वस्तू आणण्यावर बंदी घातली. तोवर हजारो भांडी गेली होती. जगभरच्या संग्रहांत जी देखणी माया भांडी आहेत, त्यातल्या बहुतेकांचं थडगं माहीत नाही. बाजारात नेण्याआधी ती घासूनपुसून स्वच्छ केली जायची. ताटातलं भोक बुजवून वरून रंग दिला जायचा, कारण भोकाच्या ताटाला भाव कमी.

हे मला सहन होत नाही. मूर्ती चोरली, सोनं चोरलं, तर राग येतो. इथे मात्र कोणीतरी आपल्या माणसासाठी ताटाला पाडलेलं भोक दुसऱ्या कोणी दुकानदाराने बुजवलं. चिकटलेली खरड धुऊन टाकली. नाव राहिलं, पण ज्या हाडांजवळ ते होतं ती विखरून टाकली. ब्वेनाव्हिस्ताचा पेला नीट खणून काढला गेला, म्हणून तो मुलगा आपल्याला भेटतो. नाहीतर उरला असता एक सुंदर पेला, राजाच्या नावाचा, आणि कोणालाही कळलं नसतं की तो एका तरुणाजवळ ठेवला होता. प्रिन्स्टनच्या त्या नळकांड्याजवळही कोणीतरी झोपलेलं असणार. त्याच्याबद्दल काही कळायचा मार्ग आता उरलेला नाही. मी तिथे उभी होते तेव्हा हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी गेले तर आधी त्याच्यासाठी हात जोडेन.

आईच्या तेराव्यानंतर वहिनीने माळा आवरायला काढला. वापरात नसलेली पितळेची भांडी दारापाशी रचली होती, मोडीत घालायला. मोडीत वजनावर पैसे येतात, त्यात काही गैर नाही. आईनेही आयुष्यभर जुनी भांडी मोडीत घालून नवी घेतली. त्या ढिगात फुलपात्र होतं. वहिनीला त्यावरचं नाव ओळखूच आलं नाही. "कोणाचं हो हे?" तिने मला विचारलं. तिचाही काय दोष. ती या घरात आली तेव्हा ते नाव जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

न्यू जर्सीतल्या त्या रात्री दिव्याखाली मी ते नीट पाहिलं. आई रोज सकाळी त्यातूनच पाणी प्यायची आणि रोज चिंच लावून ते घासायची. १९५६ नीट दिसतं. 'काकांकडून' नीट दिसतं. नावातली मधली दोन अक्षरं मात्र जवळजवळ गेली आहेत, तिरकं धरलं तरच टिंबं दिसतात. फुलपात्र उजव्या हातात धरलं की अंगठा बरोबर तिथे येतो.

लेक पाणी प्यायला उठली होती. मला पाहून थांबली. मी फुलपात्र तिच्या हातात दिलं. तिने ते नळाखाली धरून भरलं, आणि अंगठा ठेवला तो त्याच जागी.